चुकीच्या वारी बाटल्या

४ नोव्हेंबर, मंगळवार
वीस लाख लोकांनी पाहिलं. आकडा लेकीने, कानाएने, सकाळी फोनवर पक्का केला. बाबांचा हा व्हिडिओ तिनेच काढला, तिनेच नेटवर लावला.
आहे काय त्यात? माझा नवरा तेरुहिसा पिशवी घेऊन कोपऱ्यावर जातो, कावळ्यांनी कचरा उपसू नये म्हणून टाकलेली जाळी उचलतो, पिशवी ठेवतो आणि जाळीला वाकून नमस्कार करतो. वार जाळायच्या कचऱ्याचा, बाटल्यांचा वेगळा. पिशवीत बाटल्या.
सोळा वर्षं फुटबॉलच्या बचावफळीत खेळला, तेव्हा इतके डोळे त्याच्यावर कधी नव्हते. कुणीतरी लिहिलंय, ‘मैदानावर जागा चुकली नाही, आता वार चुकतो.’
मीही हसले. मग आठवलं — मागच्या आठवड्यातही हेच झालं होतं. तेव्हा कॅमेरा नव्हता.

६ नोव्हेंबर
शेजारच्या ओरिकासाबाई दारात. या महिन्यात गल्लीच्या कचऱ्याची पाळी त्यांची. हातात आमचीच पिशवी, वर ‘चुकीचा वार’ अशी लाल चिठ्ठी.
“सावाकोसान, तुमचे हे फार गाजतायत हो. पण बाटल्या बुधवारी. तीस वर्षं राहताय इथं.”
मी वाकून माफी मागितली. त्या निघेनात.
“मुद्दाम करतात ना ते?”
“हो,” म्हटलं. “व्हिडिओसाठी.”

७ नोव्हेंबर
वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर सव्वीस वर्षं काम केलं. खात्री नसलेली ओळ कधी जाऊ दिली नाही. काल दारात उभी राहून जाऊ दिली.

१० नोव्हेंबर, सोमवार
कानाए जेवायला आली होती, कॅमेरा घेऊन. तेरुहिसाने तोच किस्सा सांगितला — बूट फाटला आणि गोलकीपरचा घालून खेळला. ओदेनच्या रश्श्याचं भांडं रिकामं होईपर्यंत दोनदा. दुसऱ्यांदाही त्याच जागी थांबला, आम्ही हसावं म्हणून. आम्ही हसलो.
नंतर तिला स्वयंपाकघरात गाठलं.
“हे लावू नकोस.”
“बाबा हो म्हणालेत.”
“कशाला हो म्हणतोय ते कळतंय का त्याला?”
तिने भांडी तशीच ठेवली, कोट घातला आणि गेली. निरोपही घेतला नाही.

१२ नोव्हेंबर
त्याची जुनी कात्रणं काढली. सरावात दिवसाला शंभर हेडर मारायचा. वर मोठ्या अक्षरात — ‘लोखंडी कपाळ’. मथळा माझा. तेव्हा आमचं लग्नही झालं नव्हतं.
डोक्यावरच्या अशा माराने पुढे विस्मरण येतं, हे आता वाचलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
ठरलं. उद्या त्याला सांगायचं, गुडघा दाखवून येऊ. एकदा रुग्णालयात पोचलो की विस्मरणाच्या विभागात नेता येईल. चिडेल. चिडू दे.

१५ नोव्हेंबर
चहा ओतताना सांगितलं. त्याने कप खाली ठेवला.
“मंगळवारी माझी तिथे वेळ आहेच. गुडघ्याची नाही, विसरण्याची. एप्रिलपासून जातोय, कानाएबरोबर. व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायलाच काढत होतो. एक तिच्या हातून चुकून सगळ्यांना दिसला. मीच म्हटलं, राहू दे.”
मला का नाही सांगितलंस, विचारलं.
“तुझ्यासमोर चुकायची लाज वाटते. त्या वीस लाखांची नाही वाटत.”
मंगळवारी साडेनऊला अहवाल मिळेल. तिघं जाणार आहोत.