कोऱ्या बादल्या

आदरणीय मामा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इथे ठीक आहे. मामींचा गुडघा आणि धाकट्या मामांचा खोकला कसा आहे ते कळवा. तुमचं पोट कसं आहे? पूर्वीसारखंच वेळच्या वेळी साफ होतं ना? (हे मी रीत म्हणून विचारत नाही, खरंच कळवा.) तुम्ही सकाळी परसाकडे निघालात की समोरचा शिंपी आपलं घड्याळ लावून घ्यायचा, हे मी इथे अभिमानाने सांगत असतो.

मला बढती मिळाली आणि मी एका सरकारी इमारतीचा प्रमुख झालो, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं आहे. इमारत कसली, तेवढं लिहायचं राहून गेलं. (ते पत्र तुम्ही चावडीवर वाचून दाखवलंत असं मामींकडून कळलं. आभारी आहे, पण आता थांबवा.) ते सार्वजनिक शौचालय आहे.

यात कमीपणा काही नाही. त्याआधी मी उंदरांच्या खात्यात होतो, हे तुम्ही जाणताच. बंदरात जहाजांतून उंदीर उतरतात आणि त्यांच्याबरोबर साथ उतरते, म्हणून मेलेले उंदीर गोळा करायचे, शेपटीला चिठ्ठी बांधायची आणि तपासायला पाठवायचे, असं ते काम. काम वाईट नव्हतं, पण तुमच्या सूनबाईला ते कधी पटलं नाही. मी घरात शिरलो की ती खिडकीपाशी जाऊन उभी राहायची. शेवटी एकदा धुवायला घेतलेल्या माझ्या कोटाच्या खिशात तिला एक चिठ्ठी सापडली (चिठ्ठीला तिचा उंदीरही होता), आणि ती माहेरी गेली. उंदरांचं काम सुटलं तरच परत येईन, असा तिचा निरोप होता. म्हणून ही इमारत मिळाल्यावर मी आधी तिला पत्र टाकलं आणि मग तुम्हाला.

इमारत गोदीच्या रस्त्यावर, वखारींच्या मागे आहे. आमच्या आरोग्य खात्याच्या साहेबाने ती स्वतः आखली. दगडी कमान, लाल कौलं, आत ओळीने खोल्या, प्रत्येक खोलीला दार आणि दाराला पितळी कडी. खोल्यांमधल्या भिंती वर छतापर्यंत जात नाहीत, हवा खेळावी म्हणून. प्रत्येक खोलीखाली लोखंडी बादली असते. पहाटे गाडीवान मागच्या गल्लीत गाडी लावतो, भिंतीतली झडप उघडून बादल्या ओढतो, गाडीत रिकाम्या करतो आणि धुऊन परत सरकवतो. सगळं चोख. लोक मात्र येईनात.

त्याला कारण, खरं सांगायचं तर, मी होतो. साहेबाने कमानीत टेबल टाकलं, खुर्ची टाकली आणि खुर्चीत पितळी बटणांचा गणवेश घालून मला बसवलं. पहिल्या दिवशी एक हमाल आला. डोक्यावरचं मुंडासं काढून, हात जोडून विचारतो, "साहेब आहेत का आत?" म्हटलं, आत कोणीही नाही, खुशाल जा. तर म्हणाला, "नसतील तर उद्या येतो," आणि गेला. (चाल बघून वाटत होतं की उद्यापर्यंत त्याला दम निघणार नाही.) मग एका कारकुनाने कानाशी येऊन विचारलं, आत जायला कोणाची ओळख लागते. दुपारी एक बाई तान्ह्या बाळाचा जन्म नोंदवायला आल्या. त्यांना समजावून सांगेपर्यंत बाळाने आमच्या सोयीचा लाभ घेतला. त्या दिवशी तेवढा एकच नागरिक, आणि तोही माझ्या टेबलावर.

मी गणवेश काढला, टेबल हलवलं, स्वतः समोरच्या ओट्यावर जाऊन बसलो. मग लोक आले. भर दुपारी गोदीत दगड तापतात आणि आमच्या खोल्या थंडगार, हे हमालांच्या लक्षात आलं. एकेक जण आत गेला, कडी लावली आणि घोरायला लागला. नेमके तेव्हाच आमचे दुय्यम साहेब तिथून गेले. सगळी दारं बंद, आतून आवाज! ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "लोकांना किती गरज होती हो!" आवाज कसले आहेत हे मला त्यांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

त्यांनी वर कळवलं आणि आता आमच्या साहेबाच्याही वरचे मोठे साहेब गुरुवारी सकाळी पाहायला येणार आहेत. इमारत पसंत पडली तर मी इथे कायम. नाही पडली तर ती मिठाच्या व्यापाऱ्याला वखार म्हणून देणार आणि मी पुन्हा उंदरांत. या मोठ्या साहेबांचा बंद दारांवर विश्वास नाही, ते मागच्या गल्लीत जाऊन बादल्या बघतात म्हणे. बादल्यांबद्दल काय सांगू? परवा गाडीवानानेच मला विचारलं, "रावसाहेब, या बादल्या घरी पाणी भरायला नेऊ का? बायको म्हणते, दुकानातल्या एवढ्या कोऱ्या नसतात."

लोक जातात तरी कुठे, हे बघायला मी पहाटे धक्क्याच्या टोकाला गेलो. तिथे खडकांच्या आडोशाला अख्खी गोदी बसलेली. कोणतं जहाज लागलं, कोणत्या मुकादमाने कोणाला शिव्या दिल्या, कोणाच्या मुलीचं कुठे जमलं, सगळं तिथेच कळतं. मी एका म्हाताऱ्या खलाशाला आमच्या इमारतीचे फायदे सांगायला लागलो. तो बसल्या जागेवरून म्हणाला, "अहो, इथे चार माणसं भेटतात. तुमच्या तिथे भिंतीशी काय बोलायचं? आणि बसा की जरा, उभे का?"

मी बसलो नाही. मात्र त्याच सकाळी इमारतीत जाऊन स्वतःपासून सुरुवात करायचं ठरवलं. बराच वेळ बसलो. काम सरकारी आहे हे मनात आलं की माझं पोट अंग काढून घेतं.

असो. तुम्ही काळजी करू नका. सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा भाचा

ता. क. बोटीचं भाडं इकडून पाठवत आहे. बुधवारच्या रात्रीच्या बोटीने निघावं, धाकट्या मामांना आणि मामींच्या तिन्ही भावांना घेऊन. गुरुवारी उजाडताना तुम्ही धक्क्यावर उतराल. मामींना जहाजं बघायला चाललो असं सांगा. तुमची वेळ चुकत नाही, आणि आत बसल्यावरही तुमचं बोलणं थांबत नाही. ते पूर्वी तीन घरं पलीकडे ऐकू यायचं, इथे तर भिंती वरून उघड्याच आहेत. तुम्ही पाच जणांनी आतून गप्पा सुरू केल्या की काय चाललंय ते ऐकायला धक्का ओस पडेल. विषय कोणताही चालेल. जमिनीच्या वाटणीचा काढलात तर उत्तम.

आणखी ता. क. पत्र बंद करत होतो तेवढ्यात सूनबाई आली, येते म्हणून तिने कळवलं होतं त्याच्या चार दिवस आधी. तिने पत्र वाचलं. म्हणाली, "उंदीर परवडले. त्यांच्यासाठी मामांना बोलवावं लागत नव्हतं." दोन ट्रंका आणल्या आहेत, उघडली एकच. दुसरीची किल्ली कमरेला आहे आणि ती गुरुवारनंतर बघू म्हणते.

तेव्हा मामा, याच. आणि एवढे उपकार करा, बोटीवर काही उरकून घेऊ नका.