परत येणारी खोकी

अण्णा, आज चाकणच्या कंपनीत तुमची फार आठवण आली, आणि गंमत म्हणजे रडू नाही, हसू आलं.

चिखलीच्या शेडमध्ये तुम्ही लाकडी खोकी ठोकायचात आणि शाळा सुटली की मी भुश्शात खेळत बसायचे. एकदा तयार खोक्यावर चढले तर केवढ्यांदा ओरडलात, "उतर खाली! लोकांचा माल जायचाय त्यात." संध्याकाळी मात्र उरलेल्या फळ्यांची माझ्या पुस्तकांसाठी पेटी केलीत, कडा घासून घासून गुळगुळीत.

आता माझी नोकरीच खोक्यांची आहे. माल सुखरूप पोचेल आणि मागे कचराही कमी उरेल असं पॅकिंग कुठलं, हे मी तपासते. यंदा गाड्यांच्या हेडलॅम्पचं काम आलं. थर्माकोल हलका, पण कुठेच जिरत नाही. पुठ्ठा पावसाळ्यात मऊ पडतो, आणि आतला दिवा फुटला तर तो घडवायला लागलेलं सगळंच वाया. लाकूड दणकट, पण एका फेरीनंतर चुलीत. मी अहवालात तसं स्पष्ट लिहिलं. दुसऱ्याच दिवशी तुमचे भागीदार काका, शेड आता तेच चालवतात, गेटवर हजर. "बापाच्याच धंद्यावर उठलीस व्हय गं पोरी?"

मी म्हटलं, "काका, लाकूड वाईट नाही, एकदा वापरून जाळणं वाईट. घडी होऊन परत येईल असं खोकं बनवा की. दुरुस्तीही तुमच्याकडेच येईल."

कुरकुरत गेले, आणि बिजागऱ्या लावलेली खोकी घेऊन आले. आज त्यांची पहिली खेप परत आली. माल गेला तिकडे एकही दिवा फुटला नाही, इकडे दोन-चार फळ्या तेवढ्या सैल. काका ट्रकमध्ये चढून एकेका खोक्यावर थाप मारत ओरडले, "माहेरपणाला आल्यात गं माझ्या लेकी!" लोडिंगवरची सगळी माणसं खो-खो हसली. साहेबांनी तिथंच पुढची ऑर्डर दिली, आणि काकांनी सगळ्यांना भेळ खिलवली.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? राहील माझ्यापाशीच. म्हणून एवढं कबूल करते, मोजमाप मी अगदी चोख केलं, कुणाची बाजू घेतली नाही. पण ट्रकचं दार उघडत होतं ना, तेव्हा मी डोळे मिटून लाकडासाठी देवाला हात जोडले होते.