मोरीची पाडी नेण्यासारखी नाही

वाणगावच्या तीर्थरूप चिमणमामांना तलासरीच्या पाड्यावरून भाचा सुदाम याचा पायांवर डोके ठेवून नमस्कार. मामींच्या गुडघ्यांना आणि तुमच्या रागाला उतार पडला असेल अशी आशा करतो. पत्र लिहायचे कारण असे, की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही आणि सारखे "फोटो पाठव" म्हणता. माझ्या मोबाइलचा कॅमेरा बिघडला आहे. (कालपासूनच.)

तर आपली मोरी गाय व्याली. पाडी झाली. गाय मला वाट्याने सांभाळायला देताना "पहिली पाडी माझी" असे तुम्ही बजावले होते, ते मी विसरलेलो नाही. पण टेम्पो ठरवण्याआधी तिची हकिगत ऐकून घ्या, नंतर भाच्याने फसवले असे व्हायला नको.

तयारीत मी कसूर केली नव्हती. गोठ्याचा कोपरा खरवडून कोरडा पेंढा पसरला, गोणपाटे धुऊन वाळवली, गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले नाळेचे आयोडीन खुंटीला टांगले, मोरीसाठी नाचणी आणि गूळ काढून ठेवला. (गूळ दोनदा काढावा लागला. लेकीचे, म्हणजे आमच्या दक्षीचे, म्हणणे की मुंग्यांनी खाल्ला.) कास भरली तशी मी खाटच गोठ्यात टाकली आणि मोरीवर नजर ठेवून बसलो. असे टक लावून बसल्यावर कुठली बाई बाळंत होईल, असे निर्मला म्हणाली. बायकोचे ऐकायचे नसते म्हणून ऐकले नाही. शेवटी भर दुपारी चहाला घरात गेलो, तेवढ्यात मोरीने दावे तोडले आणि माझा पेंढा सोडून शेजारच्या देवजीच्या वालात जाऊन व्याली.

मी आयोडीन घेऊन धावलो. गोणपाट घरीच राहिले, म्हणून वाटेत दोरीवरचे फडके ओढले आणि त्याने पाडीचे नाकतोंड पुसले. ते फडके म्हणजे निर्मलाने डहाणू रोडहून भावाच्या लग्नासाठी आणलेली साडी होती. आयोडीन थोडे नाळेला लागले, उरलेले माझ्या लुंगीवर सांडले. तो तांबडा डाग पाहून देवजीला वाटले गायीने मला शिंग मारले, त्याने माझ्यावर पाण्याची घागर ओतली.

पण पाडी काही केल्या आचळ धरीना. खरे सांगतो मामा, माझी गाळण उडाली. पहिला चीक लवकर पोटात गेलाच पाहिजे, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. त्यात पुतळीमावशी भांडे घेऊन हजर. "वाईच चीक दे ना रं, खरवसापुरता!" तिच्यामागे आणखी चार भांडी. आमच्याकडे चिकाला आलेले भांडे रिकामे पाठवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी पाठवले. अर्धा पाडा अजून माझ्याशी बोलत नाही. मग बोट चिकात बुडवून पाडीच्या तोंडात दिले, चोखता चोखता तिला आचळापाशी नेले, आणि तिने धरले. शेपूट हलायला लागले तेव्हा माझे डोळे भरून आले. (आयोडीनचा वास फार उग्र असतो.)

आता तिचे दोष. पाय नको तितके लांब. एक कान पांढरा, एक तांबडा. वाणगावात लोक हसतील. कपाळावर चांद आहे, पण जवळून पाहिला तर वाकडा. हाक मारली की थेट घरात येते, शिस्त म्हणून नाही. दक्षीची रिबीन चघळून टाकली. अशी पाडी मी तुमच्या गळ्यात कशी मारू?

तिकडे निघालेल्या शेजारच्या रूपेशच्या हाती खरवसाचा डबा पाठवतो आहे. (पाडीचे पोट भरल्यावरचा.) मामींना नमस्कार.

आपला आज्ञेतला भाचा,
सुदाम

ता.क. दक्षीने पाडीचे नाव तुमच्यावरून चिमणी ठेवले आहे. मी अडवले नाही.

ता.क. मोरीची पुढची दोन वासरे तुमची, पण ही राहू द्या. दक्षीचा जीव गुंतला आहे. निर्मलाच्या मते दक्षीचा नाही, माझाच.

ता.क. निर्मलाने माझ्या नकळत फोटो पाठवला असेल तर ते देवजीचे वासरू समजावे. नाहीतर स्वतःच येऊन पाहा. मात्र टेम्पो आणू नका, एसटीने या. एसटीत वासरू घेत नाहीत, हे मी चारोटीला कंडक्टरला विचारून ठेवले आहे.