फोटोत नसलेली चप्पल

१२ जून

चि. मिरीस,
अ. उ. आ.

अक्षर ओळखीचं आहे ना? नेहमीप्रमाणे मी बोलतेय आणि शेजारच्या दुकानातले घड्याळवाले लिहितायत. मला अक्षर येत नाही आणि त्यांना बडबड जमत नाही, त्यामुळे आमचं दोघांचं मिळून एक धड माणूस होतं. फोन कर म्हणतेस, पण फोनवर तुझा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो आणि अर्धा वेळ तू दुसऱ्याच कुणाला तरी उत्तर देत असतेस. पत्रात निदान माझ्याशीच बोलतेस.

तुला नोकरी लागली, अकरावीच्या पोरांना शिकवणार, हे गल्लीभर सांगून आले. विषय माध्यम म्हणालीस, पण त्यात काय शिकवणार ते मात्र सांगता येईना. माध्यम म्हणजे काय हो, असं घड्याळवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, मधे राहून इकडचं तिकडे पोचवतं ते माध्यम. म्हटलं, मग माझं माध्यम तुम्हीच की, आणि वाटेत काय गाळता ते मला जन्मात कळायचं नाही. यावर हसले. हसलो असंही लिहा म्हटलं, तर लिहिलं म्हणतायत. विश्वास ठेवायचा.

वरच्या मजल्यावरच्या शिवणवालीला शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालंय. मशीनवरून मान वर काढायची सवड नाही, म्हणून तिच्या लेकीला, आपल्या खारूताईला शाळेतून आणायचं काम तिनं घड्याळवाल्यांना सांगितलंय. पोरगी वाटभर प्रश्न विचारते आणि हे हूं म्हणतात. सुट्टीत तू दोघांचा फोटो काढला होतास ना, चप्पल तुटली म्हणून ती भर रस्त्यात भोकाड पसरून बसली होती तेव्हाचा? एका हातात तिचं मनगट, दुसऱ्या हातात तिची चप्पल, आणि यांचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. तो मला पाठव.

पोरांवर ओरडू नकोस. तुझा आवाज पातळ, ओरडलीस की ऐकणाऱ्याला हसू फुटतं. लोभ आहे तो आहेच, वाढवायचा तर पत्रं लांब लिही.

तुझी आजी


२१ जून

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं, काकांचं हसूही मिळालं.

पहिला तास झाला. पोरांची समजूत अशी की या विषयात सिनेमे बघायचे आणि मार्क खिशात घालायचे. मी फळ्यावर विचारलं, समोर आलेली गोष्ट कुणी बनवली, कुणासाठी बनवली, आणि काय बाहेर ठेवलं. शेवटच्या प्रश्नावर मागच्या बाकावरून जांभई आली. मग मी तूच आठवण काढलेला फोटो वापरला.

अर्ध्या वर्गाला अख्खा फोटो दिला. खाली ओळ होती की तुटकी चप्पल सांभाळत शेजारचे काका मुलीला घरी पोचवतायत. बाकीच्यांना तोच फोटो एका कडेनं कापून दिला. चपलेचा हात गेला. उरली रडणारी मुलगी आणि तिचं मनगट धरलेला माणूस. खाली लिहिलं, हा माणूस या मुलीला कुठे घेऊन चाललाय? मग माणसाबद्दल चार ओळी लिहायला सांगितल्या. आजी, एकाच डोळ्यांना एका बाजूनं मायाळू म्हटलं आणि दुसऱ्या बाजूनं गार. एका मुलीनं तर लिहिलं की असा एक माणूस आमच्याही गल्लीत आहे. कागदांची अदलाबदल केली तेव्हा जांभईवाला ताठ बसला. असा तास माझ्या शिक्षकांनी मला कधी दिला नव्हता, असं मनात म्हणून मी घरी येईपर्यंत फुगले होते.

घरचा अभ्यास म्हणून कापलेला फोटो घरच्यांना, नातेवाइकांना दाखवून कोण काय म्हणतं ते लिहून आणायला सांगितलंय.

काका, हे तुम्हीच वाचताय. न विचारता तुमचा चेहरा वापरला. इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही म्हणून धीर केला. रागावू नका, पुढच्या खेपेला माझं बंद पडलेलं मनगटी घड्याळ आणीन, त्याच्यावर सूड उगवा. दोघांचा लोभ असाच असू द्या, मला तो पुरवून वापरायचाय.

तुझी मिरी


३० जून

चि. मिरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र यांनी वाचून दाखवलं. कापलेल्या फोटोच्या ओळीपाशी आले आणि थांबले. डोळ्याचं भिंग काढून पुसलं, परत लावलं. भिंग लावून पत्र वाचतं का कुणी? मी म्हटलं, गाळू नका. मग वाचलं. मी पुन्हा वाचायला लावलं. हुशार आहेस गं, असं मी मोठ्यानं म्हटलं. मनात काय म्हटलं ते सांगत नाही, कारण लिहिणारे तेच आहेत.

आता पुढचं लिहायला सांगू नका म्हणतायत. मी लिहाच म्हटलंय.

परवा एक बाई दुरुस्तीला टाकलेलं भिंतीवरचं घड्याळ परत मागायला आली. ते खोलून ठेवलेलं, तरी तसंच दे म्हणाली. चाकं पिशवीत भरून घेऊन गेली. समोरच्या कट्ट्यावर दोन माणसं येऊन बसतात, फोनकडे बघतात, यांच्याकडे बघतात. काल त्यातल्या एकानं शाळा किती वाजता सुटते असं मला विचारलं. म्हटलं, तुझं वय निघून गेलं बाबा. त्याला हसू आलं नाही. फोन पुढे करून म्हणाला, आजी, या माणसाला ओळखता का? बघते तर आपली खारूताई आणि हे. म्हटलं, ओळखते की, पण चप्पल कुठे गेली? तो म्हणाला, खाली काय लिहिलंय ते वाचा. म्हटलं, वाचता येत नाही. तर म्हणतो, तेच बरं आहे तुमचं.

मिरे, तुझ्या वर्गातला कागद माझ्या दारात कसा आला? उत्तर पुढच्या टपालानं दे. लोभाचं पुढच्या पत्रात बघू.

तुझी आजी


४ जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

माझ्याकडून आला. कुठल्या तरी मुलाच्या मावशीनं फोटो पुढे पाठवला, प्रश्न होता तिथे आता उत्तर लिहिलेलं आहे. मुलं पळवणारा, सावध रहा, असं. कुणी तरी फोटोत मागे दिसणाऱ्या दुकानाची पाटी ओळखून गल्लीचं नावही घातलंय. ते कुणी घातलं हे वर्गात कुणालाच माहीत नाही, आणि मला वाटतं पोरं खरं बोलतायत. जांभईवाला तासानंतर थांबला आणि त्यानं विचारलं की बाई, आता परत कसं घ्यायचं?

मी अख्खा फोटो सगळीकडे पाठवलाय. कापलेला वाऱ्यासारखा गेला, हा जागचा हलत नाही. प्राचार्य म्हणाले, गप्प बसा, आठवड्यानं लोक विसरतील.

काका, या ओळी तुम्हाला माझ्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवाव्या लागतायत, याहून मोठी शिक्षा मला कुणी दिली नसती. रविवारी येते. दारोदार जाऊन सांगते. तोवर खारूताईला आणायला आईनंच जावं.

लोभ मागायला आज तोंड नाही.

मिरी


१६ जुलै

चि. मिरीस,
अ. उ. आ.

अक्षर बदललं म्हणून घाबरू नकोस, मी जिवंत आहे. लिहितेय ती वरची शिवणवाली. हिची अक्षरं टाक्यांसारखी बारीक असतील, जवळ धरून वाच.

तू रविवारी आलीस, अख्खा फोटो घेऊन दारोदार फिरलीस, चूक माझी म्हणालीस. घड्याळवाले तुझ्यामागे उभे होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझी गाडी वळली नाही तोच दूधवाला म्हणाला, चप्पल नंतर चिकटवलेली दिसते, आजकाल काहीही करता येतं. शेजारीण म्हणाली, उगाच का कुणी एवढ्या लांबून सारवासारव करायला येतं? संध्याकाळपर्यंत गल्लीत तुझा फोटो खोटा आणि तो कापलेला खरा झाला होता. मी भांडले. म्हाताऱ्या माणसाचं भांडण लोक पंख्याच्या आवाजासारखं ऐकतात.

मंगळवारी दुकानाची काच फुटली. बुधवारी भर दुपारी घड्याळवाल्यांनी हत्यारांची पेटी उचलली, माझ्या पायाशी वाकले आणि गेले. कुठे ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, म्हणजे कुणी विचारलं तर खोटं बोलावं लागणार नाही. आत भिंतीवरची घड्याळं चालूच राहिली होती. आमची भिंत एकच, मला ठोके ऐकू यायचे. एकेक कमी होत गेलं. कालपासून काही नाही.

खारूताई रोज विचारते, काका कुठे. आईनं, म्हणजे हिनं, काल तिला समोर बसवून विचारलं की वाटेत काका काय बोलायचे, कुठे थांबायचे, हात कसा धरायचे. पोरगी बिचारी आठवून आठवून सांगत होती आणि आईचा चेहरा बघून घाबरत होती. हे लिही म्हटलं तर हिचा हात थांबलाय. लिही बाई, तूच त्यांना सांगितलं होतंस पोरीला आणायला, तेही लिही.

मिरे, रडत बसू नकोस. त्या पोरांना सांग, सगळं सांग, काही बाहेर ठेवू नकोस. आणि घड्याळवाल्यांचा पत्ता लागला तर आधी मला कळव. माझी पत्रं आता परक्या हातानं यायची, म्हणून थोडकी येतील. लोभ मात्र माझाच असेल.

तुझी आजी

ताईंना नमस्कार. आजींना वाचता येत नाही, म्हणून हे खाली माझ्या मनानं लिहितेय. त्यांना यातलं काही कळवू नका. घड्याळवाले भले होते असं मलाही वाटायचं. पण तुम्ही शिकलेल्या. एवढी माणसं सोडून तुम्ही त्यांचाच फोटो घेतलात, आणि खाली तसंच लिहावंसं तुम्हाला वाटलं. काही तरी दिसलं असेल तुम्हाला. माझी एकच मुलगी आहे. काय दिसलं ते मला एकटीला कळवा.