भारोभार गूळ

६ जानेवारी १९४६, रविवार
टायफॉइड संपला. आजपासून मी आजारी नाही.

आरशात पाहिलं. आजारपणाने चेहऱ्याला एक प्रकारचं तेज आलं आहे. आई त्याला हाडं म्हणते.

प्रोग्रॅम ठरवला. पहाटे उठणे, थंड पाण्याची अंघोळ, जोर, बैठका, सायकल, नदी, जमल्यास घोडा. आठवड्याला एक तरी नवं साहस. चैत्रातल्या खंडोबाच्या जत्रेपर्यंत शरीर लोखंडी झालं पाहिजे. कॉलेज सोडताना प्रिन्सिपल म्हणाले होते, तू कशातच टिकणार नाहीस. मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं होतं. (कॉलेज सोडावं लागलं ते त्यामुळेच. पण तत्त्व म्हणजे तत्त्व.)

नेवाशाचे डॉक्टर म्हणाले, मऊ भात, ताक, आणि अंगणात हळूहळू चालणे. डॉक्टर म्हातारे आहेत.

७ जानेवारी
पहाटे उठलो नाही. सोमवारी नवीन काही सुरू करू नये असं आईचं म्हणणं. मी असलं काही मानत नाही, पण आईचं मन मोडवत नाही.

९ जानेवारी, सकाळ
जोर काढले. आकडा लिहीत नाही, पद्धत महत्त्वाची. खाली गेलो तो अगदी सफाईने गेलो. वर यायला वेळ लागत होता, तेवढ्यात शेजारची राहीबाई ताक न्यायला आली आणि तिने ओसरीवरून आईला हाक मारली की तुमचा सूर्यभान अंगणात पालथा पडलाय, जित्ता हाय का बघा. मी श्वासाचा व्यायाम करत होतो असं सांगितलं. राहीबाई म्हणाली, मग श्वास तरी घ्यायचा.

अडाणी बाई.

१३ जानेवारी
सहादेवमामा आले होते. दोन गोष्टी कळल्या.

पहिली. मी तापात बरळत होतो तेव्हा आईने खंडोबाला नवस बोलला, पोर उठून बसलं तर त्याच्या भारोभार गूळ वाटीन. म्हणजे जत्रेत मला तागडीत बसवणार आणि समोरच्या पारड्यात गुळाच्या ढेपा. गूळ मामांच्या गुऱ्हाळाचा.

दुसरी. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, छबूचा विषय काढला. छबू ही मामांची एकुलती एक मुलगी. मामाची मुलगी म्हणजे रीतीने माझीच. शिवाय तिचं माझ्यावर प्रेम आहे. ती तसं कधी बोलली नाही, पण दुसऱ्या कुणाशी माझ्याइतकं न बोलणं तिने कधी केलेलं नाही. मामा बराच वेळ पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले, "जत्रंत तागडीत बसू द्या. तवा दिसंल, जावाय हाय का चिपाड."

चिपाड म्हणजे रस काढून फेकलेला ऊस. मी दाराआडून ऐकलं. रक्त उसळलं. बाहेर येऊन उत्तर देणार होतो, पण उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

२० जानेवारी
साहस पहिलं. सायकल.

नेवाशाला गनीभाईंच्या दुकानातून भाड्याने घेतली. गनीभाईंनी विचारलं, डॉक्टरला विचारलंस का. मी म्हणालो, सायकलीबद्दल डॉक्टरला काय कळतं. ते म्हणाले, ब्रेक नावापुरता आहे, उतारावर पाय टेकव. असल्या सूचना नवशिक्यांना द्याव्यात.

मामांच्या गुऱ्हाळाशी उतार आहे. छबू तिथे उभी असणार याचा अंदाज होता. होतीच. तिला पाहून एक हात सोडून रुमाल हलवला. पुढचं नीट आठवत नाही. चिपाडांचा ढीग मऊ असतो, ही नवी माहिती मिळाली. छबू हसली. पदर तोंडात कोंबून हसली. हास्य ही प्रेमाची पहिली पायरी आहे.

परत बैलगाडीतून आलो, ढेपांशेजारी. सायकलही गाडीतच. वाकलेलं चाक पाहून गनीभाई चिडले नाहीत. म्हणाले, आता हिला मऊ भात द्यावा लागेल.

३ फेब्रुवारी
मुक्काम मामांकडे. गुऱ्हाळावर राहणं तब्येतीला उत्तम, रस कच्चा प्यायचा आणि गूळ गरम खायचा. रात्री पोट बिघडलं. शरीरातली घाण बाहेर पडते आहे, चांगलं लक्षण.

इथे भीमा नावाचा एक आडदांड आहे. शेवगावकडचा, घरची शेती आहे, बैलजोडी घेऊन उसाचा चरक फिरवायला आलाय. तालमीत जातो म्हणे. मान नाहीच, डोकं थेट खांद्यावर ठेवलेलं. छबू ताज्या गुळाचा पहिला गोळा त्याला देते, मला नंतर. परक्याला आधी, घरच्याला मागून. मुलीवर संस्कार चांगले आहेत.

तरीही त्याला जरा जरब बसावी म्हणून मी त्याच्यासमोर उभा राहून मांडी थोपटली. तो म्हणाला, डास लई झालेत.

मामा जत्रेच्या ढेपा बाजूला काढत होते. माझ्याकडे नजर टाकली आणि मोजून काढल्या. मी म्हणालो, मामा, आणखी एक काढा, चैत्रापर्यंत मी असा राहणार नाही. मामा म्हणाले, बघ हां, एकदा भंडारा लावला की ती देवाची झाली, घरला माघारी येत न्हाई. मी म्हणालो, काढाच. छबू ऐकत होती. भीमाही. मामांनी ढेप काढली आणि भंडारा लावला.

१७ फेब्रुवारी
साहस दुसरं. जलप्रवास.

गुऱ्हाळाची जुनी काहील, म्हणजे रस आटवायची भली मोठी कढई, नदीकाठी पालथी पडलेली असते. पुराच्या दिवसांत लोक तिच्यात बसून प्रवरा ओलांडतात. मी ठरवलं, एकट्याने पलीकडे जायचं. गड्यांनी लोटून दिली. काहील गोल असते आणि तिला पुढचं तोंड नसतं, त्यामुळे ती पुढे न जाता फिरते. मीही फिरलो. बरंच. आकाश, काठ, छबू, आकाश, काठ, छबू. ती धुणं धूत होती.

शेवटी तिने हाक मारली, उतर की, पानी कमरेइतकं बी न्हाई.

उतरलो नाही. प्रवासी मध्येच नाव सोडत नाही. भीमा पाण्यातून चालत आला आणि काहील मला आत ठेवूनच काठावर ओढून घेऊन गेला. आभार मानले नाहीत. मी मागितली नव्हती मदत.

१० मार्च
मधले दिवस लिहिलं नाही. ताप उलटला होता. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग आहे, हे लोकांना कळत नाही. धोतर कमरेवर राहत नाही. कंबर बारीक झाली की छाती आपोआप रुंद दिसते.

डॉक्टर फार ओरडले. मीही ओरडलो. त्यांचा आवाज मोठा पडला.

७ एप्रिल
बैठका आजही सुरू केल्या नाहीत. आता वेळ थोडा, शक्ती साठवून ठेवणं शहाणपणाचं.

वजनाची चिंता नाही, पण सावधगिरी म्हणून कोटाच्या खिशात नांगराचा फाळ ठेवावा असा विचार केला. आईने सांगितलं, तागडीत नदीवर बुडी मारून ओलेत्याने बसायचं, अंगावर एक धोतर. देवाला फसवायची माझी इच्छा नव्हतीच.

त्या दिवशी पाणी भरपूर पिणे. हे ठरलं.

१६ एप्रिल, चैत्री पौर्णिमा
आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस. सविस्तर लिहितो.

लिंबाच्या फांदीला तागडी टांगली होती. मी नदीवरून आलो. सकाळपासून इतकं पाणी प्यालो होतो की चालताना आतून आवाज येत होता. छबू बायकांत पुढे उभी होती. मामा, आप्पा समोर. भीमाही होता, कुस्त्यांसाठी आला असावा.

बसलो. ढेपा ठेवल्या. गुळाचं पारडं धपकन जमिनीला टेकलं आणि मी वर गेलो. फार वर. लिंबाची पानं केसांना लागली. तिथून सगळी जत्रा दिसत होती आणि सगळ्या जत्रेला मी.

मामा म्हणाले, ती वरची ढेप काढा. गुरव म्हणाला, भंडारा लागल्याली ढेप माघारी जात न्हाई, ज्याच्या नावाचा भार त्यानंच भरायचा. कुणी म्हणालं, मांडीवर धोंडा द्या. गुरव म्हणाला, देवाच्या तागडीत रस्त्यावरचा धोंडा चालत न्हाई. लोक विचारात पडले. मी वरच.

राहीबाई पुढे आली. म्हणाली, वरवंटा चालंल, घरचा हाय, हळदकुंकू लागतंय त्याला. जत्रेला आलेल्या बायका तिथेच चुली मांडून मसाला वाटत होत्या. तिने आपला वरवंटा धुऊन आणला, हळदकुंकू लावलं, पारडं खाली ओढलं आणि तो माझ्या मांडीवर आडवा ठेवला.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. पण आपल्याकडे बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, हे त्या बायकांच्या एकदम ध्यानात आलं. मागून कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली. पारडं हललं नाही. दुसरा वरवंटा आला. मग तिसरा, तेव्हा पारडं खाली येऊ लागलं. राहीबाई म्हणाली, "तिळं झालं गं बाई, बाळंतीण लई वाळलीय." पुरुषही हसायला लागले. आप्पा दुसरीकडे बघू लागले. मी भडकलो, उडी मारून खाली उतरणार होतो, पण तीन वरवंटे मांडीवर असताना माणसाला उडी मारता येत नाही.

आणि तेव्हा छबू आली. सगळ्यांदेखत. तिने पदराच्या टोकाने एक वरवंटा झाकला, वाकली, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "कुर्र. बाळाचं नाव ठेवलं ढेपाजी."

तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

जत्रा हसत होती, मी नाही. तागडी बरोबर आली, भंडारा उधळला. मला काही दिसत नव्हतं. भर जत्रेत, स्वतःच्या बापासमोर, ती माझ्या मांडीवरच्या बाळाला नाव ठेवते. याहून स्पष्ट मुलीने काय बोलावं.

भीमाचा चेहरा पाहिला नाही. माणसाने जिंकल्यावर उदार असावं.

१७ एप्रिल, दुपार
गावातली पोरं मला ढेपाजी म्हणतात. म्हणोत.

आई तांदूळ निवडत होती. तिला म्हणालो, मामांकडे आता बोलणी लावायला हरकत नाही, छबूने काल आपलं मन उघड केलंच आहे. आईचा हात थांबला. म्हणाली, व्हय, केलं खरं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "बारशाला कुर्र कोण करतं रे?"

आत्या, मी म्हणालो.

"आन् पोराची आत्या पोराच्या बापाची कोण आसती?"

मी तांदूळ निवडायला बसलो.

१८ एप्रिल
गंमत केली असेल. मुली गंमत करतात.

२४ एप्रिल
गंमत नव्हती.

मामा आले. छबूचं भीमाशी ठरलं. वैशाखातली तारीख. मामा आईला म्हणाले, आक्का, मी तुझ्या शब्दात होतो, तुझं पोरगं बारीक आसलं तरी शिकल्यालं हाय म्हणून मन घट्ट करीत होतो. "पर पोरीनं भर जत्रंत भाऊ केला. आता मी बाप काय बोलू?"

आईने चहा ठेवला.

मग मामा माझ्याकडे वळले. छबूला पाठचा भाऊ नाही. कानपिळीचा मान मला. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, बहिणीला नीट वागव म्हणून बजावतो. छबूने मुद्दाम सांगितलंय, सूर्यभानच पाहिजे.

मी ताडकन उठलो. काय काय बोलायचं ते ओठांवर होतं. मग लक्षात आलं, त्याचा कान माझ्या हातात येतो आहे. आणि सगळ्यांदेखत. आणि त्याला हलता येणार नाही.

हो म्हणालो.

२५ एप्रिल
नवा प्रोग्रॅम. मनगट आणि बोटं. ओली धोतरं पिळणे, लिंबं पिळणे, दोर वळणे. इतका पिळायचा की जन्मभर एका बाजूने ऐकू येऊ नये.

२ मे
आई खूश आहे. घरातलं सगळं धुणं मी पिळतो. राहीबाईनेही आपली लुगडी पाठवली. पिळली. ट्रेनिंग ते ट्रेनिंग.

९ मे, संध्याकाळ
अक्षर वाईट येईल. डाव्या हाताने लिहितो आहे.

छबू छान दिसत होती. एवढंच.

कानपिळीला मला पुढे बोलावलं. भीमा पाटावर बसला होता, मुंडावळ्या बांधून, मान खाली. मी कान धरला. तालीमबाजांचे कान माती घासून घासून मोडलेले असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आत सुपारी भरल्यासारखा घट्ट. बोटांत येईना. दोन्ही पाय रोवले, दात खाल्ले, अंगात होता नव्हता तो जोर लावला आणि पिळला. काहीतरी कट्टकन वाजलं.

भीमा तसाच बसून होता. थोड्या वेळाने त्याने मान वर करून हळूच विचारलं, सुरू करताय न्हवं? भटजी खोळंबलेत.

वाजला होता तो माझा अंगठा.

मी हात मागे लपवला, पण छबूने पाहिलं. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. तो पाटावरून उठला, माझा हात हातात घेतला, अंगठा चाचपला, मला जत्रेतल्या कुस्त्यांचं काहीतरी विचारलं आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात एक हिसका दिला. अंगठा जागेवर बसला. मग त्याने स्वतःच मान वाकवून कान पुढे केला, म्हणाला, डाव्या हातानं पिळा. पिळला. त्याने ओरडल्यासारखं केलं. मांडव हसला. मला मानाचा फेटा मिळाला.

छबूने निघताना वाकून नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार.

सूज उतरते आहे. दाजींचा हात हलका आहे.