लुगडं धुवू नको

बाबा, काटोल रोडवरच्या एका तबेल्यात मी घोड्यांची पैदास शिकायला जाते, हे ऐकून तुम्ही आधी पोट धरून हसले असते. "कोराडीच्या बिजलीघरात पंख्याखाली बसून नोकरी केली, अन् आता लीद काढून राहिली का वं?" असंच म्हणाले असते. महाल वस्तीतला आपला टांगा गेला, मग वरातीची घोडी गेली, मग तुम्हीही गेले. त्याला जमाना झाला. मी मात्र रिटायर झाल्यावर फिरून त्याच लिदीच्या वासात येऊन पडले आहे, आणि अजून मला धड खरारा करता येत नाही.

परवा तिथे एक घोडी व्याली आणि थोड्या वेळात गेली. शिंगरू तेवढं राहिलं. नशीब एवढंच, की शेजारच्या घोडीला आदल्याच दिवशी मेलेलं पिल्लू झालं होतं आणि तिला दूध होतं. मला शिकवणारे उस्ताद म्हणाले, हिने पोटाशी घेतलं तर वाचेल, नाही तर कठीण आहे. माझा जीव नुसता कासावीस झाला. मेल्या आईच्या रक्ताने माखलेलं ते लेकरू बघवेना, म्हणून मी कोमट पाणी आणि साबण आणून त्याला लख्ख धुतलं, कोरडं केलं. घोडीजवळ नेलं तर तिने कान मागे टाकले आणि दात विचकून अशी अंगावर आली, की आम्हीच कसेबसे वाचलो. उस्ताद कडाडले, "काहून धुतलं वं ताई? घोडी लेकरू डोयानं नाही, नाकानं ओळखते. साबणाच्या वासाचं लेकरू कोणती माय घेईन?"

मग त्यांनी एक जुनं फडकं त्या घोडीच्या मानेला, पोटाखाली, कासेला चांगलं चोळलं आणि माझ्या हातात दिलं. "पूस त्याले. पहिले शेपटीखाली, तिथंच हुंगून पाहते ते." मी पुसायला लागले, आणि पुसता पुसता माझा हात थांबला.

महालातली आपली खोली. मी लहान आहे, आई जाऊन वर्षही झालेलं नाही आणि तुम्ही दुसरं लग्न करून मावशीला घरात आणलं आहे. आईचं लुगडं उशाशी असल्याशिवाय मला झोप येत नाही. ते तुम्ही काढून घेता, आणि मावशीने दिवसभर नेसलेलं, घामाचं, फोडणीचं, चुलीच्या धुराचं लुगडं माझ्या अंगावर घालता. मी लाथा झाडते. "याले वास येते!" तुम्ही म्हणता, "येऊ दे." मावशी बिचारी शरमून म्हणते, "मी धुवून देतो न जी." तर तुम्ही तिच्यावरही डाफरता, "धुवू नको!" बस, एवढंच. आणि माझा घामेजलेला फ्रॉक तिच्या उशाखाली ठेवता. मला वाटलं, तुम्ही माझी आई घरातून पुसून काढताय. तो राग मी तुमच्या तेरवीच्या पंगतीतही घासाबरोबर गिळत होते. एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं हो बाबा? पण माणसांशी बोलायला तुम्हाला कुठे जमायचं! जे घोड्यांचं येत होतं, तेच तुम्ही आमच्या दोघींवर केलं.

संध्याकाळच्या सुमारास घोडीने शिंगराला हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि हळूच फुरफुरत उभी राहिली. ते धडपडत कासेला लागलं. सगळे हसत होते आणि मी भिंतीला टेकून रडत होते. उस्तादांना वाटलं, आनंदाने रडतेय.

घरी येऊन मावशीचं कपाट उघडलं. ती मागच्या थंडीत गेली. शेवटपर्यंत मी तिला मावशीच म्हणत राहिले, आई नाही, आणि तिने कधी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ती गेल्यावर तिची लुगडी मीच धुवून, इस्त्री करून नात्यातल्या बायकांना वाटली, एक तेवढं ठेवलं होतं. त्यात तोंड खुपसून कितीतरी वेळ उभी राहिले. नुसता साबणाचा वास.

हा कागद टाकायचा तरी कोणत्या टपालपेटीत? राहू दे माझ्याजवळच. फक्त एक सांगते, बाबा. त्या लुगड्यात मी फोडणी आणि धूर शोधत होते. माझ्या आईच्या लुगड्याला कसला वास यायचा, ते मला आठवत नाही.