शेजारच्या खोलीतली साक्ष

१२ फेब्रुवारी
हो रे बाबा, स्टोव्ह बंद करून आलेय. कुत्रं हेडविग शेजारणीकडे सोडलंय, तुझा फोटो लोकरीच्या स्वेटरात गुंडाळून आणलाय. झालं समाधान? मेल्यावरही तुझ्या चौकशा काही संपत नाहीत, ऑरिन.

राजधानी कसली, एक घुमट नि भोवती बर्फ. घुमटाखाली विधानभवन, त्याच्याच मागच्या गल्लीत मला उतरवलंय. घर लॉबीवाल्यांचं आहे. डोकं एक नि उशा तीन! एक तुझ्या बाजूला ठेवली.

मिस्टर पेल घ्यायला आले होते. आमच्या खाणविधवांच्या संघाने नेमलेले लॉबीवाले ते हेच. म्हणजे आमदारांच्या कानाला लागायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, असा धंदा. इथे नियम आहे म्हणे, ज्याच्यासाठी कानाला लागायचं त्याचं नाव बिल्ल्यावर लिहून छातीवर लावायचं. मी म्हटलं, आमच्याकडे असला बिल्ला गाईच्या कानात असतो. हसले बिचारे.

पुढच्या गुरुवारी समितीपुढे माझी साक्ष. खाणीच्या धुळीने ज्यांची फुफ्फुसं गेली, त्यांच्या औषधपाण्याचा खर्च खाणवाल्यांनी द्यावा, असा कायदा यायचाय. पेल म्हणाले, काय बोलायचं ते मी शिकवीन. म्हटलं, शिकवू नका, थांबवायला तेवढे या.

१४ फेब्रुवारी
आज सराव. पेल म्हणाले, कसे गेले ते सांगा. सांगितलं. तुला आडवं होता येत नव्हतं, खिडकीची चौकट धरून बसल्या बसल्या झोपायचास. मी विचारायचे, चोराची वाट बघतोयस का? तू हसायला जायचास नि खोकला यायचा. पेलनी डोळे पुसले. घड्याळही बघितलं. पाचच्या आत गेले.

जेवायला टर्की नि मक्याचा पाव होता. खाताना शेजारच्या खोलीतून बाईमाणसाची पुटपुट ऐकू आली. बरं वाटलं. कोण आहे म्हणून पेलना फोन करून विचारलं, तर म्हणाले, छे, ती खोली रिकामी, तिथे जुन्या खुर्च्या असतात. म्हटलं, मग तुमच्या खुर्च्या भारी बोलक्या आहेत.

१६ फेब्रुवारी
दुपारी कॉफी घेऊन भिंतीला टेकून बसले होते. पलीकडची बोलत होती. तिचा नवरा खिडकीची चौकट धरून झोपायचा. ती त्याला विचारायची, चोराची वाट बघतोयस का?

आवाज माझा, ऑरिन. मी जिथे अडखळते तिथेच ती अडखळली. शेवट मात्र वेगळा. तो सिगारेटी ओढायचा म्हणाली, ढीगभर. खाणीचा काय दोष, खाणीने तर आम्हाला पोसलं.

भिंतीवर मूठ आपटली. पलीकडूनही आपटली. तेवढ्याच जोराने.

१७ फेब्रुवारी
पेलना सांगायला विधानभवनात गेले. समितीच्या दाराशी पाठमोरे उभे होते. वळले. बिल्ल्यावर खाणकंपनीचं नाव.

विचारलं, मिस्टर पेल, आई तरी एकच आहे ना तुम्हाला?

लाजले नाहीत. म्हणाले, मिसेस लुंडीन, मी लपवलंय काय? दोन्ही नावं सरकारात नोंदवलीत, कुणीही बघावीत. कुणी बघत नाही त्याला मी काय करू? कायदा म्हणतो, सांगा. करू नका असं कुठे म्हणतो?

मग मायेने मला कोट चढवून दिला. म्हणाले, तुमच्या साक्षी फार सुंदर आहेत. दोन्ही.

दोन्ही म्हणाले.

१८ फेब्रुवारी
शेजारची खोली उघडली. कुलूप नव्हतंच. एक खुर्ची. माणूस नाही. खुर्चीला हात लावला — गरम.

संघाच्या बाईंना फोन केला. आवाज फुटेना. पलीकडून हॅलो हॅलो केलं नि ठेवला.

तू ओढायचास का रे? कधीच नाही. खिशात काड्यापेटी असायची — ती शेकोटीसाठी — शेकोटीसाठीच ना?

१९ फेब्रुवारी
समितीच्या दाराबाहेर बाकावर. आत माझं नाव पुकारलं. मी उठायच्या आत कुणीतरी ‘आले’ म्हणालं. आतूनच.

माईकवरून बाहेर ऐकू येतंय. तुझी खिडकी. चोराच्या वाक्याला आमदार हसले —

दार ढकलते, उघडत नाही. ओरडते, नुसती हवा —

आता सिगारेटींवर येईल ती.

ऑरिन, एक तुला सांगितलं नाही. तिला हे तुझं सगळं पेलनी नाही दिलं. मी दिलं. पुटपुट ऐकली त्याच संध्याकाळी, भिंतीला तोंड लावून. दोन वर्षांत कुणी घड्याळ न बघता तुझं विचारलं नव्हतं, तिने विचारलं. सांगून संपलं, तरी ती विचारतच होती. सिगारेट ओढायचा का? मी म्हटलं, हो, खूप. खोटंच. ती गप्प होऊ नये, एवढ्यासाठी मी तुला —